पानाबाहेर

सीडीवर मार्करनं लिहिलंय : लग्नसराई ९९ ते ०२.
अक्षर माझंच, पण तेव्हाचं,
र ची शेपूट जरा जास्तच ताठ.
नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला तोंडच नाही.
भाच्यानं बाहेरून एक डबी जोडली,
ती दोनदा खोकली, मग फिरायला लागली,
आणि बिराजदारांचा छापखाना,
साखर पेठेतला, वर पत्रा, एप्रिलमध्ये भट्टी,
एकशे बारा फायलींत समोर आला.

श्रीलता वडनाल स्टुलावर बसलीय.
आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं.
घरात एकही पत्रिका उरली नाही,
एक उंदरांनी खाल्ली, एक बँकेच्या कुठल्याशा फायलीत गेली.
तिला फ्रेम करायचीय. अगदी तश्शीच, अक्का.

फाइल जुनी आहे, रूपांतर करू का? कर.
फॉन्ट सापडत नाही, दुसरा चालेल का?
न चालून सांगते कुणाला. चालेल.

पान आलं.
कोयऱ्यांची चौकट जागेवर,
गणपती जागेवर,
आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग,
मध्ये मध्ये अर्धविराम, एखादं पौंडाचं चिन्ह,
जणू रेशनच्या लायनीत भलतीच माणसं येऊन उभी.
पोरीचा चेहरा पडला. गेलं का सगळं?

गेलं नाही गं. कपडे बदललेत.
डोळ्यांना नाही वाचता येत,
पण हात कीबोर्डवर ठेवला की बोटं सांगतात,
आठ वर्षं रोज दहा तास बडवलीत ही बटणं,
शेजारी मागांची खटखट, त्याच तालावर.
तिच्या आईचं नाव काढलं, मग वडिलांचं,
मग कुंभारीच्या बसथांब्यापासून कार्यालयापर्यंतचा रस्ता.

हे बाहेर काय पडलंय?
तिनं बोट ठेवलं पानाच्या डावीकडे,
करड्या मोकळ्या जागेत,
जे छपाईत कधीच येत नाही तिथं
एक एकटीच ओळ.

मला ती संध्याकाळ आठवली.
लाइट आत्ताच आलेली, ट्रेसिंग काढायचं बाकी,
तिचे आजोबा धापा टाकत पायऱ्या चढले :
धाकट्याचं नाव काढा.
दोन मागांवरून काही झालं होतं घरात,
एक माग याचा की त्याचा, एवढंच.
मी ओळ निवडली, डिलीटवर बोट नेलं.
बिराजदार मागून म्हणाले, इरली बिडु.
पुसू नको, बाजूला सरकवून ठेव,
लग्नाआधी माणसं परत येतात, मी बघितलंय.
पुन्हा जुळवणीचे पैसे मी घेत नसतो.

कुणी परत आलं नाही.
बाराशे पत्रिका त्या ओळीशिवाय गेल्या.
आणि बिराजदारांची स्वतःची दशक्रियेची पत्रिका
मी याच चौकटीतून कोयऱ्या काढून केली,
घाईत एक कोयरी राहिली होती खाली.

यू म्हणजे न, मी म्हणाले. जे म्हणजे र.
एल म्हणजे स.
अर्ध्या य ला आल्ट दाबून शून्य एक आठ चार,
मग अर्धविराम, तो पुरा य,
के म्हणजे काना.

नरसय्या, ती म्हणाली. काका.

मग बराच वेळ काही नाही.
खाली रिक्षावाला कुणाशी तेलुगूत भांडत होता.
भिवंडीला असतो, ती म्हणाली,
बाबांकडे नंबर आहे, गेल्या गड्ड्याला कुणीतरी आणून दिला.
भिंतीवर लिहून ठेवलाय, मीटरच्या वर.
फोन करत नाहीत.

मी माउस धरून बसले.
ओळ पानात घ्यायची तर
'आपले विनीत'खालची तिघं थोडी खाली सरकतील,
तेवढी जागा आहे. तेव्हाही होती.
मी काहीच बोलले नाही,
गिऱ्हाइकाच्या मजकुरात आपण पडायचं नसतं.

तिनं ओढणीनं कपाळ पुसलं.
एक ओळ वाढली तर पैसे वाढतात का, अक्का?

नाही, म्हटलं.
पण आधी फॉन्ट शोधावा लागेल.